वरून आपण, खालून वाघ!

नागपूरहून जबलपूरकडे निघालात की पेंचच्या जंगलात रस्ता मध्येच वर उचलला जातो. खाली ना मोठी नदी, ना रेल्वेचे रूळ. मग एवढा लांबलचक पूल कशाला? चक्क वाघांना खालून जाता यावं म्हणून!

मी त्यावरून गेले तेव्हा गाडीतल्या कुणालाच ही गोष्ट खरी वाटेना. सरकार, तेही जनावरांसाठी, एवढा खर्च करतं? करतं. पण सहजासहजी नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ पहिल्या परिशिष्टात, म्हणजे कडक संरक्षणात येतो. २००६च्या दुरुस्तीनंतर तर व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जंगलंही मनाला येईल तशी तोडता येत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. खासगी बिल्डर असो की सरकारी खातं, नियम सारखाच.

फाइल ते फ्लायओव्हर

हा हायवे (जुना नंबर ७, आताचा ४४) चौपदरी करायचं ठरलं आणि दोन सरकारी खाती समोरासमोर आली. महामार्गवाल्यांना रस्ता हवा होता, वन्यजीववाल्यांना प्राण्यांची वाट. भुयारी मार्ग किती लांब, खर्च किती, यावर घासाघीस झाली. प्रकरण हरित लवादात आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातही गेलं. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत ५० ते ७५० मीटर रुंदीच्या नऊ वाटा तयार झाल्या.

आता खरी गंमत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९मध्ये तिथे कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा खालून गेले होते!

म्हणजे कायदा पाळला तर उपयोग होतो, याचा फोटोसकट पुरावा आहे. मला खटकतं ते एवढंच, की जे पहिल्याच नकाशात असायला हवं होतं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि पूल बांधला म्हणजे काम संपलं असंही नाही. उद्या त्याच्या तोंडाशी ढाबे, प्लॉट आणि डीजेवाले रिसॉर्ट उभे राहिले, तर कागदावर सगळं ओके असेल. फक्त वाघ फिरकणार नाही.

पुढच्या ट्रिपला एवढं कराच

पुलावर फोटोसाठी गाडी थांबवू नका, हॉर्न आवरा आणि वेफर्सचं पाकीट खाली टाकू नका. खालून कुणीतरी जात असेल.