वस्तऱ्यासाठी न्हाणीघर

चंद्रपूर-गडचिरोलीत घर बांधताना विचार होतो तो उन्हाळ्याचा. वस्तऱ्याने दाढी करणाऱ्याची चिंता मात्र पावसाळ्याची. कार्बनयुक्त पोलादाचे पाते दमट हवेत लवकर गंजते. म्हणून वस्तरा पुसून न्हाणीघराबाहेरच्या कोरड्या फडताळात ठेवावा. चामडी पट्ट्यासाठी शिंतोड्यांपासून दूर भक्कम खुंटी हवी. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना असावेत. डोक्यावरचा एकच दिवा हनुवटीखाली सावली पाडतो आणि धार नेमकी तिथेच फिरते. फरशी खडबडीत असावी. निसटलेले पाते चिनी मातीवर आपटले की धार तुटते. बेसिनशेजारी सागवानी फळी बरी. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथलेच सागवान गेले, तेव्हा फळीची वानवा नसावी! दाराला आतून कडी हवीच. पाते गळ्यावर असताना कुणी दार ढकलता कामा नये.