हृदयाची झडप आणि रेंगाळणारा ताप

ताप आला की औषधाच्या दुकानातून दोन-चार कॅप्सूल आणून घ्यायच्या, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मात्र लहानपणी ‘ऱ्हुमॅटिक फीवर’ होऊन ज्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसविली आहे, त्यांना ही सवय फार महागात पडू शकते.

आपल्या तोंडात असंख्य जंतू असतात. हिरड्या सुजलेल्या असल्या, तर दात घासतानाही त्यांतले काही रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा लगेच निकाल लावते. खराब झडपेवर मात्र ते ठाण मांडतात. यांत स्ट्रेप्टोकॉकस जंतू नेहमीचे. पण त्यांच्यासारखेच दिसणारे, क्वचित आढळणारे काही भाईबंदही आहेत. अॅबायोट्रोफिया आणि ग्रॅन्युलिकॅटेला ही त्यांची नावे.

हे जंतू मोठे लहरी. १९६१ साली त्यांची प्रथम नोंद झाली. रक्ताच्या बाटलीत ते वाढतात. पण तेथून काढून नेहमीच्या खाद्याच्या बशीत घातले की दिसेनासे होतात, कारण त्यांना ब-६ जीवनसत्त्वाचा एक प्रकार लागतो. त्याच बशीत स्टॅफिलोकॉकस जंतू असले, तर त्यांच्याभोवती बारीक ठिपक्यांसारखे उगवतात. (शेजारणीच्या चुलीवर आपली भाकरी भाजून घेण्यातलाच प्रकार!) अशा नाजूक जंतूंवर आधीच कॅप्सूलचा मारा झालेला असेल, तर तपासणीत काहीच सापडत नाही आणि झडप मात्र आतून कुरतडली जात असते.

बारीक ताप, रात्री घाम, भूक मरणे, वजन घटणे, धाप, एवढीच लक्षणे. घरचे टायफॉईड समजतात. झडपेवरील गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर अर्धांगवायूही होतो.

म्हणून झडपेच्या रुग्णाने तापात पॅरासिटामॉल खुशाल घ्यावे. पण अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना झडपेविषयी आवर्जून सांगावे. कल्चरसाठी निरनिराळ्या ठिकाणांहून बहुधा तीनदा रक्त घेतात. ‘एवढे रक्त कशाला?’ म्हणून नातेवाईक कुरकुरतात, पण ते रक्त दोन-चार चमच्यांहून फार जास्त नसते.

उपचार शिरेतून, चार ते सहा आठवडे. ताप पहिल्या काही दिवसांतच उतरतो आणि रुग्ण घरी जाण्याचा हट्ट धरतो. तेव्हा सोडू नये. काहींना झडपेची शस्त्रक्रियाही लागते.

‘मला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू आहे, मग भीती कसली?’ असे पुष्कळजण विचारतात. ते इंजेक्शन ऱ्हुमॅटिक फीवर पुन्हा होऊ नये म्हणून असते. या आजारापासून ते संरक्षण देत नाही. दात काढायला जाल, तेव्हा दंतवैद्यांनाही झडपेचे आधी सांगा.