हजार बैसांचा हिशेब

मस्कतमध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहायचं तर रुपये-पैशांची सवय मोडावी लागते. ओमानी रियालचे १००० बैसा होतात, म्हणजे दशांशचिन्हापुढे तीन आकडे. इथल्या रुवी भागातल्या दुकानात ३५० बैसांचा साबण घेतला, तर ५ टक्के व्हॅट साडेसतरा बैसा होतो. उरलेल्या अर्ध्या बैसाचं काय करायचं, ते आमचा प्रोग्रॅम ठरवतो.

नवी मुलं किंमत ०.१०० अशी दशांशात साठवतात. शंभर बैसांची नोट खिशात असते, पण ०.१ हा आकडा बायनरीत नेमका लिहिताच येत नाही. शून्यापासून ९९९ बैसांपर्यंतच्या हजार रकमांपैकी नेमक्या बसतात फक्त आठ: शून्य, १२५, २५० असं करत ८७५ पर्यंत. बाकीच्या ९९२ रकमा अगदी जवळपासच्या, पण अंदाजेच. म्हणून रक्कम बैसांतच, पूर्णांकात ठेवावी.

पण ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. पैशांत मोजलं तर ते सव्वादोन कोटींच्या आतले रुपये, बैसांत मोजलं तर जेमतेम साडेएकवीस लाख रियाल. बांधकाम कंपनीची वर्षाची उलाढाल हा आकडा सहज ओलांडते. आणखी एक बैसा मिळवला की बेरीज बहुधा थेट उणे होते, आणि पडद्यावर साधा इशाराही येत नाही.

अशा वेळी मी मुलांना असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचनांचं वाचता येणारं रूप, उघडून दाखवतो. जीसीसी या कंपायलरला 'उणे एस' सांगितलं की सी भाषेतल्या बेरजेची सूचना डोळ्यांसमोर येते: 'अ‍ॅड'. बेरीज ओसंडली की इंटेलचा प्रोसेसर 'ओव्हरफ्लो फ्लॅग' हा बिट १ करतो. म्हणजे प्रोसेसरला चूक कळलेली असते! पुढे 'जेओ' ही सूचना असती तर प्रोग्रॅम वेगळ्या वाटेनं गेला असता. ती नसते, कारण सी तो बिट तपासतच नाही.

डिप्लोमाला आम्ही ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर '३ई' दाबून आकडे भरत असू. तिथं चिपच्या पिना आणि टायमिंगच्या आकृत्या पाठ झाल्या, पण आपल्या प्रोग्रॅमशी त्यांचं नातं कुणी जोडून दाखवलं नाही. ब्रायंट आणि ओ'हॅलरन यांच्या पुस्तकानं मला ते दाखवलं. त्याच्या नावातच 'प्रोग्रॅमर्स पर्स्पेक्टिव्ह' आहे. चिप बनवायला नव्हे, स्वतःचा कोड ओळखायला असेंब्ली शिकावी, असं मी आग्रहानं सांगतो.

त्या उणे होणाऱ्या बेरजेवर उपायही आहे: जीसीसीत २०१५पासून ओसंडणारी बेरीज पकडणारं फंक्शन आहे. ते वापरून तोच प्रोग्रॅम पुन्हा असेंब्लीत पाहिला, की 'अ‍ॅड'च्या खाली 'जेओ' येतो.