फुलीची घरं

पोलिओ मोहिमेत डोस पाजणारी जोडी घरातून बाहेर पडली की भिंतीवर खडूने खूण करायची. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', एकही मूल राहिलं असेल तर फुली. २००२मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले. त्यांतले तीनचतुर्थांशाहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातले होते आणि त्यांत गरीब मुस्लिम वस्त्यांमधल्या मुलांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं मोठं होतं. राज्याच्या पश्चिम भागात, मुरादाबादच्या आसपास, फुलीची घरं ही मोहिमेची मोठी डोकेदुखी होती.

अशा वेळी 'लोक अडाणी आहेत' हे निदान सगळ्यांत सोपं असतं. मग फलक लागतात, भोंगे फिरतात, नटनट्या आवाहन करतात. पण या वस्त्यांमधल्या शंका अज्ञानातून आल्या होत्या असं म्हणणं अर्धवट ठरेल. थेंबांमुळे मुलं पुढे वांझ होतील ही अफवा खोटीच होती, मात्र तिला रुजायला जमीन तयार होती. आणीबाणीत, १९७६ साली, याच पट्ट्यातल्या मुझफ्फरनगरमध्ये सक्तीच्या नसबंदीविरुद्ध उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता. (त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही मंजूर केलं होतं, उत्तरेकडे बोट दाखवून आपली सुटका नाही.) गटार तुंबलं तर कुणी फिरकत नाही, दवाखान्यात डॉक्टर नसतो, मग एवढ्या एकाच औषधासाठी सरकार पुन्हापुन्हा दारात का येतं? हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडेल.

दुसरा प्रश्न आयांचा होता: इतक्यांदा पाजलं, आता आणखी कशाला? गंमत म्हणजे, शास्त्रज्ञांनाही तोच प्रश्न छळत होता. तोंडी लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात रुजला तरच शरीर प्रतिकार शिकतं. उघडी गटारं, दाटीवाटी आणि सततचे जुलाब यांनी ग्रासलेल्या मुलांच्या आतड्यात त्याला टिकाव धरता येत नाही. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार पोलिओच्या तिन्ही प्रकारांवरच्या तेव्हाच्या त्रिगुणी लसीच्या एका डोसाचं संरक्षण उत्तर प्रदेशात जेमतेम ९ टक्के होतं. देशाच्या बऱ्याचशा भागात ते २१ टक्क्यांच्या घरात होतं. म्हणजे अनेक डोस घेऊनही एखाद्या मुलाला पोलिओ झाला, ही मोहल्ल्यातली कुजबुज खरी असू शकत होती. तिला अफवा म्हणून झटकलं की सांगणाऱ्यावरचा उरलासुरला विश्वासही जाणार.

युनिसेफ, रोटरी आणि इतर संस्थांनी उभ्या केलेल्या जाळ्यात त्याच मोहल्ल्यातल्या हजारो बायका होत्या. कुणाच्या घरी नवं बाळ आलं, कोण माहेरी गेली, कुठल्या घरात सासूचा नकार आहे, हे त्यांना वहीत बघावं लागत नसे. लहान मुलांच्या 'बुलावा टोळ्या' आरडाओरडा करत इतर मुलांना बूथवर आणत. मशिदींतून घोषणा झाल्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियासारख्या संस्था सोबत आल्या. माझ्या मते याहून महत्त्वाचा बदल २००९च्या सुमारास झाला. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले सर्वाधिक धोक्याचे १०७ तालुके निवडले गेले आणि थेंबांबरोबर जुलाबांवर ओआरएस आणि झिंक, हात धुणं, स्तनपान, नियमित लसीकरण हे विषयही आले. 'फक्त पोलिओच का?' याला हे कृतीतून दिलेलं उत्तर होतं.

२००९मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१०मध्ये ४२. नैसर्गिक पोलिओ विषाणूची शेवटची रुग्ण हावड्याची होती; तिचा आजार १३ जानेवारी २०११ रोजी सुरू झाला. यात २०१०मध्ये आलेल्या दोन प्रकारांवरच्या, अधिक प्रभावी द्विगुणी लसीचा वाटा मोठा आहे. पण ती लसही त्याच बायकांच्या ओळखीवर फुलीच्या घरांत पोचली.

२०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला, तेव्हा पुन्हा धर्मगुरूंना साकडं घालण्यात आलं. ते योग्यच होतं, पण नकार हा एकच अडथळा नव्हता. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर असतो, दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात. मधल्या काळात कुटुंब खोली बदलतं, गावी जातं; लसीकरणाच्या दिवशी आईची रोजी बुडते. लस टोचल्यावर नर्सताईंनी चार गोष्टी सांगायच्या असतात: ही लस कशाची, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, कार्ड जपून ठेवा. रांग मोठी असली की यातली तिसरी गोष्ट सहज गळून जाते. रात्री बाळ तापाने फणफणतं, सकाळी आईचा खाडा होतो, आणि हे अपेक्षित होतं असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं.