एंटालीच्या मुख्याध्यापिका

दरवर्षी ५ सप्टेंबरला आपल्या देशात शिक्षकदिन पाळला जातो. डॉ. राधाकृष्णन यांचा तो जन्मदिवस. ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत हाच दिवस संत मदर तेरेसा यांचा स्मरणदिन होय. १९९७ साली याच दिवशी त्या प्रभूकडे गेल्या. मदर म्हटले की मरणोन्मुखाच्या उशाशी बसलेली मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु तत्पूर्वी सुमारे सतरा वर्षे त्यांनी शाळेत शिकविण्यात घालविली आणि त्या मुख्याध्यापिकाही होत्या, याचे स्मरण थोड्यांनाच असते. शिक्षकदिनी त्या मुख्याध्यापिकेचेच स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

१९३१ साली दार्जिलिंग येथे प्रथम व्रते घेऊन लोरेटो संघाची ही तरुण धर्मभगिनी कलकत्त्यास आली. एंटाली भागातील सेंट मेरीज ही मुलींची शाळा बंगाली माध्यमाची. स्कोप्ये शहरात जन्मलेल्या सिस्टर तेरेसांनी बंगाली भाषा आपलीशी केली आणि त्या भूगोल व इतिहास शिकवू लागल्या. पुढे सेंट तेरेसा शाळेतही त्यांना शिकवावे लागे. तेथील वर्ग अस्वच्छ पाहताच त्यांनी बाह्या सरसावल्या, पाणी व झाडू मागविला आणि स्वतःच जमीन झाडण्यास आरंभ केला. बाईंनी केर काढावा, हे मुलांनी कधी पाहिले नव्हते. ती प्रथम थबकली. मग मुली मदतीस धावल्या आणि मुलगे पाणी आणू लागले. लवकरच ही मुले त्यांना ‘मा’ म्हणू लागली.

१९४४ साली सेंट मेरीजचा कारभार त्यांच्या हाती आला. तो काळ महायुद्धाचा आणि बंगालच्या दुष्काळानंतरचा. १६ ऑगस्ट १९४६ रोजी शहरात भीषण दंगल पेटली. वसतिगृहात सुमारे ३०० मुली, आणि घरात अन्न नाही! मदर एकट्याच रस्त्यावर गेल्या. रक्तपात पाहत चाललेल्या त्या भगिनीस सैनिकांनी अडविले, तांदूळ दिला आणि गाडीतून परत पोहोचविले.

पुढल्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, दार्जिलिंगच्या प्रवासात त्यांना दुसरी हाक ऐकू आली: दरिद्रीनारायणांत राहून प्रभूची सेवा करण्याची. शाळेच्या भिंतीपलीकडे मोतीझील ही झोपडपट्टी होती. तरीही आज्ञापालनाचे व्रत न मोडता, वरिष्ठांची व रोमची परवानगी मिळेपर्यंत त्यांनी जवळजवळ दोन वर्षे वाट पाहिली. १७ ऑगस्ट १९४८ रोजी निळ्या काठांची पांढरी साडी नेसून त्या बाहेर पडल्या. आईचे घर सोडण्यापेक्षाही लोरेटो सोडणे अधिक कठीण गेले, असे त्या पुढे सांगत. त्यांनी पाटण्यास शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि डिसेंबरात मोतीझीलमध्ये पहिले काम आरंभिले, ते शाळेचेच! ना फळा, ना बाक. काठीने मातीत अक्षरे काढून त्या मुलांना शिकवू लागल्या.

वाचकहो, मुख्याध्यापिकेची खरी परीक्षा ती शाळा सोडून गेल्यावर होते. १९ मार्च १९४९ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, सुभाषिनी दास ही माजी विद्यार्थिनी मदरांच्या दारी आली. तिने नाव घेतले आग्नेस, म्हणजे मदरांचे बाप्तिस्म्याचे नाव. तिच्यामागून इतर विद्यार्थिनी आल्या. मदरांनी त्यांचे शिक्षण मात्र अर्धवट राहू दिले नाही. सेवेचा दिनक्रम सांभाळून त्यांना परीक्षांस बसविले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संघास मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा पाया एंटालीच्या या मुलींनीच घातलेला होता.

आज आपण शाळेची किंमत निकालाच्या टक्केवारीवरून करतो. मुले उत्तीर्ण व्हावीत, हे योग्यच. परंतु भिंतीपलीकडचे मोतीझील त्यांना दिसते काय? आणि एखाद्या मुलीस ते दिसले, तिने तिकडे जाण्याची अनुज्ञा मागितली, तर आपण आईबाप तिला काय उत्तर देऊ? एंटालीच्या त्या घरांतूनही सहजासहजी संमती मिळाली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

येत्या ५ सप्टेंबरला शिक्षकांना फुले अवश्य द्या. त्याच दिवशी पवित्र मिस्सेत आपल्या शिक्षिकांसाठी, हयात असोत वा प्रभूच्या घरी गेलेल्या असोत, नाव घेऊन प्रार्थना करा. आणि घरी परतल्यावर आपल्या भिंतीपलीकडे एकवार पाहा.