सूज उतरते, घोटा अडखळतच राहतो

नोव्हेंबरात हिंगणघाट, देवळी, समुद्रपूरच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू असते आणि पाऊस थांबलेली काळी माती वाळत असते. या मातीतल्या चिकण खनिजांच्या थरांत पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आकसून भेगाळते. कमरेला ओटी बांधलेल्या बाईची नजर बोंडांवर असते. पाय मात्र ढेकळं, सऱ्या आणि भेगा तुडवत असतात. इथे पाय मुरगळणं कुणाला विशेष वाटत नाही. लेप लावायचा, चार दिवस लंगडायचं, सूज उतरली की विषय संपला. माझं म्हणणं असं, की उपचाराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग सूज उतरल्यानंतरचा आहे आणि नेमका तोच राहून जातो.

त्यासाठी आधी सांध्याची रचना पाहावी लागते. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड यांच्या टोकांची मिळून एक खोबण होते आणि तिच्यात टॅलस नावाचं हाड बसतं. या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. ते जागेवर राहतं ते आपल्या आकारामुळे आणि भोवतीच्या अस्थिबंधांमुळे, म्हणजे लिगामेंटमुळे. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. चवडा नडगीकडे वर झुकला की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैलावतो. वरंब्यावरून सरीत उतरताना पाऊल याच स्थितीत असतं. त्यात बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खालपर्यंत आलेलं असल्याने पाऊल बाहेर वळताना अडतं, आत वळायला मात्र मोकळं राहतं. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि दणकट. बाहेर तीन सुटे पट्टे, त्यांतला पुढचा सर्वांत कमजोर. म्हणून बहुतेक वेळा पाय आतल्या बाजूलाच मुरगळतो आणि आधी दुखावतो तो हाच पट्टा.

पण अस्थिबंध म्हणजे नुसती बांधणी नव्हे. त्यांच्यात आणि सांध्याच्या आवरणात मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर ती मेंदूला देतात. ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी 1965 मध्ये मांडलं, की मुरगळण्यात ही टोकंही दुखावतात, म्हणून सूज गेल्यावरही घोटा वारंवार दगा देतो. यावर रास्त आक्षेप आला. पुढच्या प्रयोगांत घोटा औषधाने बधिर केल्यावरही माणसं तोल बऱ्यापैकी सांभाळत होती. म्हणजे कारण एवढं सरळ नाही. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आणि मेंदूचं नियंत्रण यांचाही त्यात वाटा आहे. मात्र आक्षेपाने फ्रीमन यांचं स्पष्टीकरण अपुरं ठरलं, त्यांनी सुचवलेला तोल साधण्याच्या व्यायामांचा उपाय नव्हे. या व्यायामांनी पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण घटतं, हे नंतरच्या अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

हंगामात मजुरी बुडवून आराम कुणाला परवडतो, हा प्रश्न या आक्षेपाहून मोठा आणि खरा आहे. पण साध्या मुरगळीत लांबलचक विश्रांती हा उपचारच नाही. पहिले दोन-चार दिवस ताण कमी ठेवणं, पट्टी बांधणं आणि पाय उंचावर ठेवणं पुरतं. मग सोसेल तसं चालणं, घोटा वर-खाली हलवणं आणि दुखणं ओसरल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, आधी उघड्या डोळ्यांनी, पुढे मिटून. याला पैसा लागत नाही. लागतं ते काही आठवडे रोज थोडा वेळ देणं. टाळायचं ते ताज्या दुखापतीचं जोरात चोळणं. आत रक्तस्राव चालू असताना रगडल्याने तो वाढतो आणि फाटलेल्या तंतूंना आणखी इजा होते. जाणत्या हातांनी दिलेल्या मालिशीबद्दल गावात किती आदर आहे हे मान्य करूनही हे सांगायला हवं.

हाड मोडलं असेल तर? ही भीती वाजवी आहे आणि तिच्यावर चांगली कसोटी उपलब्ध आहे. कॅनडातल्या ओटावा इथे 1992 मध्ये मांडलेल्या नियमांनुसार, घोट्याच्या दुखण्यात आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून 6 सेंटिमीटरपर्यंत दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल, तर करंगळीच्या रेषेतल्या हाडाचं बूड आणि कमानीवरचं आतलं हाडही दाबून पाहतात. यांतलं काहीच नसेल, तर मोठ्या माणसाच्या बाबतीत अस्थिभंगाची शक्यता फारच कमी. संशय असेल तेव्हा आर्वी-आष्टीकडून सेवाग्राम किंवा सावंगीचं रुग्णालय गाठण्याचा खर्च सार्थ आहे. फक्त ‘हाड शाबूत आहे’ हे ऐकून एक्स-रेची पिशवी घेऊन लगेच परतू नये. त्याच फेरीत फिजिओथेरपी विभागात जाऊन तोल साधण्याचे व्यायाम स्वतः करून दाखवायला सांगावेत.