अलिबाग, जाऊन-येऊन

सकाळी निघायचं, अलिबाग बघायचं आणि रात्री मुंबईत घरी जेवायला परतायचं, हा रिवाज अटल सेतू आणि रो-रो बोटीच्या आधीपासूनचा आहे. आमच्या लहानपणी ही सहल भाऊच्या धक्क्यावरून सुरू व्हायची. रेवसची लाँच, डेकवर कोळणींच्या पाट्या, चाकरमान्यांच्या ट्रंका आणि पुढे रेवसला उभी असलेली एस.टी. खाडीत गाळ इतका, की ओहोटीला लाँच धक्क्याला लागायचीच पंचाईत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ही वाट धास्तीची वाटे, आणि त्याला कारण होतं. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगड आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण पुढच्या पिढीलाही तोंडपाठ होती.

पुढे गेटवे ते मांडवा अशी फेरी रुळली. बोटीच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागच्या बसचं भाडं धरलेलं. तासाभराची बोट, पाऊण तासाची बस, आणि पन्नास मैलांहून लांबचा पनवेल-पेण-वडखळचा वळसा वाचला. पावसाळ्याचे तीनेक महिने ही फेरी बंद असे, तेव्हा वडखळ नाक्याची वाहतूक कोंडी नशिबी यायची.

एक गोष्ट मात्र या सगळ्या काळात जागची हलली नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि तिथे चालत कधी जायचं हे समुद्र ठरवतो. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ; तिच्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. ऐकायला सोयीचं, पण अष्टमीला भांग असते, पाणी पुरतं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं, पण ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. म्हणून जाणती माणसं पंचमी-षष्ठी बघत. पंचमीला पावणेचारची भरती, पावणेदहाची ओहोटी. पहिल्या बोटीने गेलेला माणूस बसमधून उतरून थेट वाळूत चालू लागला की झालं. चपला हातात, पायाखाली कालवं चिकटलेले खडक, मधल्या पन्हाळीत घोट्याएवढं पाणी. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी.

शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तटाजवळ जरा थांबून बघा: मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळते, पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं. याच किल्ल्यावर 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परतले. तेव्हा किल्ला राखणारे मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे 1729 मध्ये गेले. त्यांची समाधी गावातच आहे.

आणि या गावाबद्दलच मला तळमळीने सांगायचं आहे. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहून नेणारी रो-रो सुरू झाली, दहा दिवसांत टाळेबंदी आली, आणि 3 जूनला ‘निसर्ग’ वादळाने नागाव, चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पोफळीचं झाड हाताशी यायला वर्षं लागतात. ती झळ बागायतदार अजून सोसताहेत. जानेवारी 2024 पासून अटल सेतूही आला. वाट अशी सोपी होत गेली, तसं दिवसाच्या सहलीतून अलिबाग शहर मात्र गळत गेलं. गाडी मांडव्याला उतरते आणि आवास, किहीम, नागावच्या बंगल्यांकडे वळते. किनारा, मासळीचं ताट, परत. येताना पांढऱ्या कांद्याची माळ घेतली की अलिबाग झालं.

हिराकोट किती जणांनी पाहिला? कान्होजींनी बांधलेला हा कोट आज कारागृह आहे, तो बाहेरूनच बघायचा. इस्राएल आळीत 1848 चं, 1910 मध्ये नव्याने बांधलेलं मागेन आबोथ सिनेगॉग आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल ज्यू इथले. मराठी हीच त्यांची घरची भाषा. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आळीचं नाव राहिलं. समुद्राजवळच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट तर थेट मुंबईला जोडलेली. मुंबईतल्या कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ते काम अलिबागला आणलं, आणि इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही. ते काम तिथे आजही चालू आहे. मुंबईच्या गडबडीपासून लांब, पण हाकेच्या अंतरावर, अशी जागा तेव्हाच्या शास्त्रज्ञांना हवी होती. ती त्यांना इथे सापडली.

आता रेवस-करंजा पुलाचं काम चाललंय. तो झाला की उरणकडून येणाऱ्या गाड्या पेणला न जाता खाडी ओलांडून थेट रेवसला उतरतील. गर्दी वाढणार, आणि गावात गाडी लावायला आजच जागा नाही. माझं मागणं एवढंच, की मांडव्याला आणि पुढे रेवसच्या नाक्यावर त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी, आणि किल्ला, समाधी, इस्राएल आळी, वेधशाळेचा परिसर अशी फिरवून आणणारी एखादी लहान बस स्टँडवरून सुटावी. एवढी सोय झाली तर संध्याकाळच्या बोटीआधी हे सगळं आरामात बघून होतं.